ऑर्क जन्मतःच दुष्ट असतो का? नव्या डीएमसाठी शत्रू-जमाती आणि नीतीचा तोल

टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात पहिल्यांदाच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा) होणाऱ्याला नियमपुस्तकात ऑर्क, गॉब्लिन, ड्रो अशी काल्पनिक जमातींची तयार नावं मिळतात. नावाखाली हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा), चिलखत, हल्ल्याचे आकडे आणि बऱ्याचदा 'दुष्ट' असा शेराही छापलेला असतो. पहिली दोन-तीन सेशन त्यावर झकास जातात. दार फोडा, मारा, खजिना उचला. मग एखाद्या रात्री जखमी ऑर्क कुऱ्हाड टाकून म्हणतो, "मारू नका, घरी पोरं आहेत," आणि टेबलावरचे पाचही जण डीएमकडे बघायला लागतात. एक म्हणतो सोडून देऊ. दुसरा म्हणतो, पुस्तकातच लिहिलंय की ही जात दुष्ट आहे, मग विचार कसला? खेळ तिथं अर्धा तास अडकतो आणि कधी कधी भांडणावर जातो.

ही वेळ येण्याआधी काय तयारी करायची, ते इथं क्रमानं दिलं आहे. चार-पाच मित्र जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाथफाइंडर किंवा घरचेच नियम घेऊन मराठीतून खेळ चालवणाऱ्यांसाठी हे आहे. दोन संध्याकाळी, एक वही आणि सहा बाजूंचे दोन फासे एवढ्यावर काम होतं. फासे नसतील तर फोनवरचं फाशांचं ॲप चालतं.

शेरा कुठून आला

'अलाइनमेंट', म्हणजे पात्र कोणत्या बाजूचं हे सांगणारा शेरा, हा प्रकार १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समधला. तेव्हा गट तीनच होते: व्यवस्था, तटस्थ आणि अनागोंदी. चांगलं-वाईट हा वेगळा आस त्यात नव्हता. कोण कोणाच्या बाजूनं लढतंय एवढंच त्यातून कळायचं. १९७७ मध्ये गट पाच झाले आणि त्यानंतरच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत नऊ. आज सगळ्यांना पाठ असलेला तीन बाय तीनचा तक्ता तो हाच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं ते पुन्हा पाचवर आणले, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ परतले. पण त्याच आवृत्तीच्या राक्षसांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की छापलेली अलाइनमेंट ही फक्त सुरुवातीची सोय आहे, डीएमला ती बदलता येते. ही ओळ बरेच जण वाचतच नाहीत. २०२३ मध्ये पाथफाइंडरनं अलाइनमेंट काढूनच टाकली आणि तिच्या जागी कॅरेक्टरला (खेळातल्या पात्राला) काय करणं भाग आहे आणि काय वर्ज्य आहे, याच्या याद्या आणल्या. २०२४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला आणि ऑर्क खेळाडूंना घेता येणाऱ्या मूळ पर्यायांत जाऊन बसला.

म्हणजे ज्यांनी हा शेरा आणला, त्यांनीच तो पुन्हा पुन्हा खोडून लिहिला आहे. तुम्ही तुमच्या वहीत तो बदललात तर नियम मोडत नाही.

पायरी १: दुष्ट जमात खेळात कोणतं काम करते ते ओळखा

ती तीन कामं करते. समोर कोण आलंय हे एका वाक्यात कळतं. खेळाडूंना मनावर ओझं न घेता लढता येतं. आणि जगाला धोका आहे असं वाटत राहतं. ही तिन्ही कामं गरजेची आहेत. दिवसभर कॉलेज किंवा नोकरी करून आलेल्या माणसाला तीन तासांत निदान एक तरी लढाई निखळ मजेची हवी असते, आणि त्यात काही गैर नाही.

म्हणून जमातीवरचा शिक्का नुसता पुसून चालत नाही. तो पुसलात आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर प्रत्येक लढाईआधी चर्चासत्र सुरू होतं. शिक्का जे काम करत होता ते दुसऱ्या कशावर तरी सोपवावं लागतं.

पायरी २: बाळाची कसोटी

तुमच्या जगातल्या प्रत्येक शत्रू-प्रकाराला एकच प्रश्न विचारा: याला बाळ होतं का? होत असेल, तर ते बाळ माणसांच्या वस्तीत, चांगल्या घरात वाढलं तर मोठेपणी कसं होईल?

बाळच होत नसेल, म्हणजे सांगाडे, झोंबी, मंत्रानं चालणारे दगडी पुतळे, पाताळातून थेट घडून आलेले पिशाच, तर तो प्रकार पूर्णपणे शत्रू ठेवायला हरकत नाही. त्यांना जेवण नाही, झोप नाही, शरण येणं नाही. निखळ लढाईची हौस यांच्यावर भागवा.

बाळ होत असेल आणि ते तुमच्या-आमच्यासारखंच वाढेल असं उत्तर आलं, तर 'जन्मतः दुष्ट' हा शेरा त्या जमातीला लागू होत नाही. मग दुष्टपणाचा उगम दुसरीकडे शोधा. उगमाच्या जागा फारशा नाहीत: एखादा सरदार किंवा पंथ, भूक किंवा जमिनीचं भांडण, शाप किंवा कोणाचा तरी ताबा. वहीत जमातीच्या नावापुढं 'दुष्ट' लिहिण्याऐवजी उगमाचं नाव लिहा. 'ऑर्क – दुष्ट' खोडून 'तुरेकची फौज – घाट अडवते'. एवढ्या बदलानं सगळं पुढचं काम सोपं होतं, कारण खेळाडूंना शत्रू ओळखायला आता निशाण, रंग, घोषणा बघावी लागते. कातडीचा रंग बघून भागत नाही.

"बाळ होतं, पण ते कुठंही वाढलं तरी क्रूरच निघेल" असं उत्तर द्यायचा मोह होतो. ते टाळा. पाळण्यातल्या बाळाला मारणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न मग एक ना एक दिवस टेबलावर येतोच, आणि त्याचं कोणतंही उत्तर खेळाची चव घालवतं.

आपल्याकडचा माल वापरा

परदेशी पुस्तकांतून ऑर्क उचलणाऱ्यांनी आपल्या पुराणांकडे एकदा नीट बघावं. आदित्य, दैत्य आणि दानव हे सगळे कश्यपाचेच. आया वेगळ्या: अदिती, दिती आणि दनू. हिरण्यकशिपूच्या पोटी प्रल्हाद येतो, आणि त्याच वंशातल्या बळीराजासाठी आपल्याकडे दिवाळीत "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात. रावण पुलस्त्य ऋषींचा नातू आणि बिभीषण त्याचा सख्खा भाऊ. कुळ तेच, वाटा वेगळ्या. करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, कथा तर घरचीच: अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्यानं मागितलं ते एवढंच, की या नगरीला माझं नाव राहू दे. नवरात्रात ललिता पंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि असुरवधाची आठवण म्हणून कोहळा फोडतात. ज्याचा वध साजरा होतो त्याचंच नाव शहराला आहे, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही.

यातून डीएमला घेण्यासारखी गोष्ट म्हणजे 'वर'. असुराची ताकद रक्तातून येत नाही, तपश्चर्येनं मिळवलेल्या वरातून येते. वराला अट असते आणि अटीत फट असते. खलनायक रचायला याहून चांगलं हत्यार नाही. पुढच्या नमुन्यात ते वापरलं आहे.

पायरी ३: जमातीचं एक पान

एका जमातीला वहीचं एकच पान. जास्त लिहिलंत तर टेबलावर शोधता येत नाही. पानावर ही उत्तरं असू द्या: काय खातात आणि ते कुठून आणतात, कशासाठी लढतात, कोणाचं ऐकतात, आपसात कशावरून फूट आहे, कशाची लाज वाटते, माणसांबद्दल काय बोलतात. पाच-सहा ओळी पुरेत. 'प्राचीन इतिहास' लिहायला बसू नका, तो कोणी विचारत नाही.

नमुना घेऊ. पठारावर सावळी पेठ नावाचं बाजारगाव आहे. गूळ इथून खाली जातो, मीठ खालून वर येतं. मध्ये घाट, आणि घाटाच्या कुशीत ओरमळ ही ऑर्कांची वस्ती. पिढ्यान् पिढ्या ऑर्क घाटाची वाट राखायचे आणि त्याबद्दल प्रत्येक तांड्याकडून मीठ-धान्य घ्यायचे. दहा वर्षांपूर्वी पेठेनं हा हक्क बंद केला. त्यात सलग दोन पावसाळे कोरडे गेले. तुरेक नावाच्या ऑर्कानं सगळ्यांना शब्द दिला की लुटीतला वाटा प्रत्येक चुलीला मिळेल, आणि घाट अडवला.

आता माणसं मोजा. वस्ती २४०. लढण्याजोगे ६०. त्यातले १५ तुरेकचे शपथबद्ध, ३५ जण धान्याच्या वाट्यासाठी आलेले, १० जण कधी निसटता येईल याची वाट बघणारे. उरलेले १८० म्हणजे म्हातारी माणसं, पोरं, शेरडं राखणारे, नाचणी पेरणारे. हे आकडे लिहून ठेवलेत की 'ऑर्क' नावाचा गठ्ठा आपोआप सुटतो. घाटात कोण भेटलं हे ठरवायला एक फासा टाका: १ ते ३ आलं तर वाटा वसूल करणारी टोळी, ४ किंवा ५ आलं तर शेरडं राखणारे किंवा चोरून मीठ विकणारे, ६ आलं तर पळून निघालेला.

तुरेकला डोंगराच्या देवीचा वर आहे: दिलेला शब्द पाळतोय तोवर त्याला पोलाद लागणार नाही. फट इथं आहे. धान्याचा वाटा गेले दोन महिने फक्त पंधरा शपथबद्धांनाच मिळतोय, आणि शब्द मोडल्याचं वस्तीसमोर उघड होईपर्यंत वर टिकून आहे. ही माहिती कोणाकडं आहे? त्या ३५ जणांकडं. म्हणजे घाटात भेटेल त्या प्रत्येक ऑर्काला कापत गेलेल्या खेळाडूंना तुरेक मरत नाही, आणि का मरत नाही हेही कळत नाही. नीतीचा धडा न देता दयेला खेळात किंमत येते.

आणखी एक धागा सोडा: तुरेकला नव्या तलवारी पुरवणारा व्यापारी सावळी पेठेत, भर बाजारात दुकान मांडून बसलाय.

पायरी ४: हिंमत मोजा

नवे डीएम सर्वांत जास्त चुकतात ते इथं. त्यांचा प्रत्येक शत्रू शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढतो. खऱ्या लढाईत असं क्वचित होतं, आणि शत्रू कधीच पळत नसेल तर खेळाडूंना तो माणूस वाटत नाही, पुतळा वाटतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या बेसिक आवृत्तीतला मोरालचा, म्हणजे हिंमतीचा, नियम अजून उत्तम चालतो. प्रत्येक गटाला २ ते १२ मधला हिंमतीचा आकडा द्या. सहा बाजूंचे दोन फासे टाका. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली तर गट पळतो किंवा शरण येतो. फासे केव्हा टाकायचे? त्यांच्यातला पहिला पडला की, आणि निम्मे पडले की. म्होरक्या पडला तर आणखी एकदा टाकायचे, ही आमची भर.

धान्यासाठी आलेल्यांना ६ द्या, म्हणजे दर वेळी ते मोडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के. पगारी सैनिकाला ८, म्हणजे २८ टक्के. शपथबद्धांना १०, म्हणजे जेमतेम ८ टक्के. सांगाड्यांना १२ द्या, ते कधीच हटत नाहीत. एकाच जमातीत ६ आणि १० दोन्ही आकडे दिसले की खेळाडूंना फूट कळते, तुम्हाला भाषण करावं लागत नाही.

आकडा कळण्याआधी डोळ्यांना काय दिसतं ते सांगा. फरक असा पडतो:

"चार ऑर्क वाट अडवून उभे आहेत. इनिशिएटिव्ह टाका." इनिशिएटिव्ह म्हणजे आधी कोणाचा वार ते ठरवणारा फासा. इथं खेळाडूंच्या हातात तलवार सोडून काही राहिलं नाही.

आता हे बघा.

डीएम: "पुढचा जागचा हलत नाहीये. कुऱ्हाड दगडाला टेकवून ठेवलीय. कमरेला फडकं बांधलंय, त्यातून अर्धी भाकरी दिसते."

खेळाडू: "मागं किती आहेत?"

डीएम: "तिघं. कडेचा पोरगाच आहे, पायात काही नाही. हात धनुष्यावर आहे, पण दोरी चढवलेली नाही."

खेळाडू: "दोरी चढवलेली नाही? थांब रे, बाण सोडू नकोस. मी हात वर करून पुढं जातो."

दोरी न चढवलेलं धनुष्य या एका तपशिलानं लढाई टळू शकते. टळलीच पाहिजे असं नाही. पण निवड खेळाडूंनी केली, तुम्ही नाही.

पायरी ५: कैद्यांची सोय आधीच करून ठेवा

शत्रू शरण येऊ लागले की नवा पेच उभा राहतो: यांचं करायचं काय? बरोबर न्यावं तर खायला घालावं लागतं, सोडावं तर उद्या पाठीत वार करतील. सोय नसेल तर वैतागून कोणीतरी म्हणतं, "मारून टाका, कटकट मिटेल." तेव्हा खेळाडू क्रूर झालेले नसतात, तुमच्या जगात दुसरी वाट नसते.

तीन वाटा तयार ठेवा. पहिली शपथेची: ऑर्क त्यांच्या देवीची शपथ घेऊन घरी जातो आणि या पावसाळ्यात पुन्हा शस्त्र धरत नाही, दहातले नऊ ती पाळतात असं धरा. दुसरी अदलाबदलीची: पेठेचेही लोक तिकडं अडकलेले आहेत. तिसरी पेठेच्या पंचांची. पण पंच ऑर्काला न्याय देतील का, हे तुम्ही आधी ठरवून ठेवा, कारण खेळाडू नक्की विचारतील. शपथ मोडणारा दहावा कोण हेही लिहून ठेवा आणि त्याचा वापर मोहिमेत एकदाच करा. सोडलेला प्रत्येक कैदी उलटला तर खेळाडू पुन्हा कोणाला जिवंत सोडणार नाहीत.

अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी, मारलं, पकडलं, पळवून लावलं किंवा बोलून वाट मोकळी करून घेतली तरी पूर्ण द्या. गुण फक्त मारण्याला असतील तर बाकी सगळ्या नीतीच्या गप्पा फुकट आहेत. खेळाडू गुणांच्या मागं जाणारच आणि त्यांचं चुकतंय असं नाही. कोणालाही न मारता पूर्ण करता येणारा 'अंडरटेल' हा २०१५ चा व्हिडिओ गेम या एका मुद्द्यासाठी जरूर खेळून बघा.

पायरी ६: तोल म्हणजे नेमका कशाचा

'मोरल बॅलन्स' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि गोंधळ उडतो.

एक म्हणजे विश्वाचा तोल: चांगल्याचं पारडं फार जड झालं तरी जग बिघडतं, म्हणून देव दोन्ही बाजू सांभाळतात. व्यवस्था विरुद्ध अनागोंदी असेल तर हे पटतं. अति व्यवस्था म्हणजे जुलूम, अति अनागोंदी म्हणजे उद्ध्वस्त गावं. पण 'चांगलं विरुद्ध वाईट' यावर तोच नियम लावलात तर खेळाडू विचारतो, "म्हणजे तोल राखायला अधूनमधून एखादं गाव जाळायचं का?" आणि त्याचं बरोबर असतं. विश्वाचा तोल हवाच असेल तर तो व्यवस्था-अनागोंदीच्या आसावरच ठेवा.

दुसरा तोल फळांचा, आणि डीएमनं लक्ष द्यायचं ते याच्याकडं. चांगलं वागण्याला आणि वाईट वागण्याला काय मिळतं? पुष्कळ व्हिडिओ गेममध्ये एक मीटर असतो. 'मास इफेक्ट'च्या दुसऱ्या भागात तर एका बाजूचा स्कोअर पुरेसा नसेल तर काही संवाद उघडतच नाहीत. परिणाम असा की खेळाडू पहिल्या तासात बाजू निवडतो आणि पुढं प्रसंग न वाचताच त्याच रंगाचं बटण दाबत राहतो. टेबलावर मीटर ठेवू नका.

त्याऐवजी पत ठेवा, आणि ती प्रत्येक गटाकडं वेगळी. नमुन्यात गट चार: पेठेचे पंच, तांडेवाले, ओरमळची वस्ती, तुरेकचे शपथबद्ध. पत उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत, सुरुवात शून्यावर. एका प्रसंगात एकाच आकड्याचा बदल. आणि नियम असा की बातमी पोचेपर्यंत पत बदलत नाही. रानात, साक्षीदार नसताना केलेलं कोणालाच कळत नाही. पेठेत केलेलं पुढच्या आठवडी बाजारापर्यंत पंचक्रोशीत होतं. अधिक २ ला ओरमळमध्ये रात्रीचा आसरा मिळतो, उणे २ ला तांडेवाले मीठ विकत नाहीत. एकाच कृतीनं एकीकडं पत वाढते आणि दुसरीकडं घटते, तिथं खरा तोल दिसतो: तलवारींचा व्यापारी पकडून दिला की ओरमळ खूश आणि पंचांमधला त्याचा मेव्हणा नाराज.

मोबदल्यात घाई करू नका. लुटीतून लगेच ५० नाणी मिळत असतील, तर सोडलेला कैदी दोन सेशननंतर तेवढ्याच मोलाची काहीतरी मदत घेऊन यावा. चांगुलपणाचं फळ दर वेळी आणि लगेच मिळालं तर ती दुकानदारी होते. कधीच मिळालं नाही तर चौथ्या सेशनपासून सगळे लुटारू होतात. तीन-चार सेशनच्या हिशेबात दोन्ही वाटांची कमाई साधारण सारखी पडू द्या, फक्त मिळणारी गोष्ट वेगळी असू द्या: इकडं नाणी, तिकडं माणसं.

पायरी ७: कोणाचा चेहरा वापरताय ते तपासा

ही पायरी गाळू नका. शत्रू-जमात रचताना डीएमचं मन नकळत ओळखीचं काहीतरी उचलतं: एखाद्या वस्तीची बोली, एखाद्या समाजाचा पेहराव, कोणाचा तरी देव, कोणाच्या तरी पोटापाण्याचा धंदा. टेबलावर हशा पिकतो आणि समोर बसलेला एक जण गप्प होतो.

'जन्मतः गुन्हेगार' ही कल्पना आपल्या देशात कायदा म्हणून राबवली गेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रज सरकारनं कित्येक जमातींवर जन्मानंच शिक्का मारला, त्यांच्या हालचालींवर हजेरी लावली. त्या जमाती विमुक्त झाल्या त्या थेट १९५२ मध्ये. कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१८ मध्येच हजेरीची पद्धत बंद केली, आणि ज्यांना चोर म्हणून हुसकलं जायचं त्या फासेपारध्यांना पदरी ठेवून पहाऱ्याची कामं दिली. आपल्या मुलखात बसून 'ही जमात रक्तानंच चोर' असं पान लिहिताना हे माहीत असलेलं बरं. आणि डीएमच्या कामाचंही त्यात आहे: शिक्का बसलेली जमात, शिक्का मारणारा दरबार आणि शिक्का पुसून पहाऱ्याची जबाबदारी देणारा राजा, यातून वर्षभराची मोहीम निघते.

तपासणी अशी करा. जमातीचं पान मोठ्यानं वाचा आणि 'ऑर्क' च्या जागी 'ते लोक' म्हणा. वाचताना खऱ्या एखाद्या समाजाबद्दल ऐकलेलं वाक्य आठवलं तर ते वाक्य बदला. नावांसाठी पाच-सहा अक्षरं ठरवून घ्या आणि त्यांच्याच जोड्या लावा. ओरमळ, तुरेक आणि पुढं येणारी इशोल आजी ही नावं तशीच झाली आहेत. आडनावं आणि खऱ्या गावांची नावं शत्रूला देऊ नका. शत्रूला गावरान मराठी आणि नायकांना पुस्तकी मराठी, हे तर अजिबात नको. सगळ्यांना एकच मराठी बोलू द्या आणि फरक हवाच असेल तर बोलण्याच्या सवयीत दाखवा: ओरमळचे लोक उत्तर देण्याआधी समोरच्याचं शेवटचं वाक्य परत म्हणतात, एवढं पुरतं.

पहिल्या सेशनआधी वीस मिनिटं बसून विचारून घ्या की टेबलावर काय नको: छळ, लहान मुलांना इजा, जातीवरून शिव्या. प्रत्येकाची 'नको' यादी डीएमनं वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. मध्ये एक फुलीचं कार्ड ठेवावं. कोणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथंच सोडून पुढं जायचं, कारण विचारायचं नाही. टेबलावर शाळकरी मुलं असतील तर ही यादी त्यांच्याशी एकेकट्यानं बोलून करा, सगळ्यांसमोर ती बोलत नाहीत.

बिघडतं कुठं

सर्वांत जास्त दिसणारा बिघाड म्हणजे उलटापालट. ऑर्क सगळे थोर आणि माणसं सगळी नीच. शिक्का तोच राहिला, फक्त कपाळ बदललं. ओरमळमध्ये तुरेकचे पंधरा जण खरोखर निर्दय आहेत, त्यांना तसंच राहू द्या.

दुसरा, 'एकुलता एक चांगला ऑर्क'. खेळाडूंना दयाळू ऑर्क भेटतो, सगळ्यांना आवडतो, आणि उरलेले दोनशे एकोणचाळीस आणखीच दुष्ट वाटायला लागतात. पहिल्याच भेटीत तीन वेगळ्या स्वभावाचे ऑर्क दाखवा: इशोल आजी, जी पेठेच्या पंचांना नावानिशी ओळखते आणि तुरेकवर भडकलेली आहे, वाटा गोळा करणारा, ज्याला फक्त धान्याशी देणंघेणं आहे, आणि एक शपथबद्ध, जो बोलायलाच तयार नाही. तिघांचे मिळून दहा मिनिटं.

प्रत्येक लढाईत पेच घातलात तरी खेळ मोडतो. चार लढायांत एक पेचाची ठेवा, उरलेल्या तीन मोकळ्या. घाटातल्या एखाद्या जुन्या गढीत सांगाडे ठेवा ते यासाठीच.

आणि एखादा खेळाडू मुद्दाम म्हणेल, "माझं कॅरेक्टर दुष्ट आहे, मी सगळ्यांना मारणार." त्याच्याशी नीतीवर वाद घालू नका. बाकीच्यांना तसा खेळ हवाय का ते विचारा. नको असेल तर कॅरेक्टरचं कारण बदलायला लावा: ऑर्कांवर राग असेल तर कोणत्या ऑर्कावर, कशाबद्दल? नाव मिळालं की त्या नावाचा ऑर्क तुरेकच्या पंधरांत घाला. त्या खेळाडूला त्याची लढाई मिळते, ओरमळची शेरडं राखणारी पोरं वाचतात.

दोन संध्याकाळींचं वेळापत्रक

पहिल्या संध्याकाळी बाळाची कसोटी, एका जमातीचं पान आणि साठ जणांची विभागणी. साधारण दीड तास. दुसऱ्या संध्याकाळी खलनायकाचा वर आणि त्याची फट, हिंमतीचे आकडे, कैद्यांच्या तीन वाटा, कोणाकडं किती पत आहे त्याचा चौकटींचा तक्ता. पहिल्या मोहिमेला एकच जमात घ्या. दोन घेतल्यात तर दोन्ही अर्धवट राहतात. दर सेशननंतर पाच मिनिटं काढून तीन गोष्टी टिपा: कोणाला सोडलं, कोणी पाहिलं, आणि ती बातमी पुढच्या बाजाराच्या दिवशी कुठं पोचेल. पुढच्या सेशनची सुरुवात त्या तिसऱ्या नोंदीपासून करा.